पॅकहॉर्स ते ब्लॅक बुल

लीड्सहून निघालेली गाडी हॅलिफॅक्स आणि सोअर्बी ब्रिज ही स्थानके मागे टाकून कॅल्डर नदीच्या अरुंद खोऱ्यात शिरली, तेव्हा आम्ही दोघी बोलणे थांबवून खिडकीशी सरकून बसलो. या मार्गावर पूर्वी लडंडन फूट नावाचे एक स्थानक होते. १९६२ साली ते बंद झाले; आता गाडी तिथे थांबत नाही. पण ती जागा निदान नजरेखालून घालावी अशी आमची इच्छा होती. १८४१ साली पॅट्रिक ब्रॅनवेल ब्राँटे नावाचा तेविशीतला तरुण तिथे मुख्य कारकून म्हणून रुजू झाला आणि पुढच्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याला कामावरून काढण्यात आले. हिशेबात ११ पौंड १ शिलिंग ७ पेन्स कमी भरले होते. ते त्याने खाल्ले असे कुणी म्हटले नाही. मात्र कारकून जागेवर नसे, आणि जागेवर नसला की लडंडन गावातल्या लॉर्ड नेल्सन या पबात सापडे, हे पंचक्रोशीला ठाऊक होते. झाडी, एक पूल, कालव्यात बांधून ठेवलेली लांबट होडी, एवढे दिसले आणि गाडी पुढे गेली.

दादाच्या कचेरीतही एकदा असाच हिशेब जुळला नव्हता. ती रक्कम आप्पांनी भरली. किती होती, हे आम्हांला आजतागायत माहीत नाही; त्या महिन्यात आईच्या हातात पाटल्या नव्हत्या, इतके आठवते.

‘आम्ही’ म्हणजे दोघी बहिणी. थोरली मराठी शिकवीत असे, धाकटी इंग्रजी शिकवते. दोघींनी मिळून एक अनुवादाचे पुस्तक केले आहे, आणि तेव्हापासून लिहिताना ‘आम्ही’ म्हणायची जी सवय लागली ती सुटलेली नाही. धाकटीची मुलगी लीड्सला शिकत होती, त्या निमित्ताने २०१७च्या उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे महिनाभर राहिलो. ते ब्रॅनवेलच्या जन्मशताब्दीचे दुसरे आवर्तन. हॉवर्थच्या पार्सनेजमध्ये, म्हणजे धर्मोपदेशकाच्या ज्या घरात ही भावंडे वाढली आणि ज्याचे आता संग्रहालय झाले आहे तिथे, कवी सायमन आर्मिटेज यांच्या सहभागाने ब्रॅनवेलवर एक प्रदर्शन भरले होते. ते आम्ही आदल्या आठवड्यात बसने जाऊन पाहिले होते. परतताना धाकटी म्हणाली, “इथे बसने येणे बरोबर नव्हे. ही माणसे चालत होती.” म्हणून शनिवार, २४ जून रोजी हेबडन ब्रिज ते हॉवर्थ अशी सुमारे वीस किलोमीटरची वाट चालायचे ठरले. वाटेत पब होते. नकाशावर ते एका खुणेने दाखवलेले असतात. आम्ही त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल केले, आणि गोल करताना दोघींनाही वाटले ते दोघींनीही बोलून दाखवले नाही. आमच्या घरात ‘बार’ हा शब्द एके काळी उच्चारला जात नसे. वकिलांच्या बारलासुद्धा आई ‘कोर्टातली मंडळी’ म्हणे.

हेबडन ब्रिजच्या जुन्या दगडी पुलावरून निघालेली ‘बट्रेस’ नावाची फरसबंद चढण माणसाची परीक्षा पाहते. लोकरीचे आणि कापडाचे गठ्ठे लादलेल्या तट्टांचे तांडे कधी काळी याच चढणीने जात. वर हेप्टनस्टॉल हे काळ्या दगडांचे विणकरांचे गाव. एकाच आवारात दोन चर्च : एक १८४७च्या वादळात मोडलेले, छप्पर नसलेले, दुसरे त्याच्या जागी शेजारीच बांधलेले. ‘वदरिंग हाइट्स’ प्रसिद्ध झाली तेही १८४७. वादळ आणि पुस्तक यांचा संबंध जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांना होईल, तो त्यांनी आवरावा.

रस्त्यापलीकडच्या नव्या दफनभूमीत सिल्व्हिया प्लाथची कबर आहे. गवतात खोचलेली पेने दिसली की जागा सापडते; वाचक ती ठेवून जातात. शिळेवरच्या नावातले ‘ह्यूज’ हे आडनाव लोकांनी वेळोवेळी खरवडले आणि ते पुन्हा बसवले गेले. धाकटी दरवर्षी प्लाथ शिकवते, आणि दरवर्षी वर्गात कुणीतरी ‘दोष कोणाचा?’ असे विचारते. ती तिथे पाच मिनिटे उभी राहिली. पेन ठेवले नाही. गावातले दोन्ही पब, क्रॉस इन आणि व्हाइट लायन, त्या वेळी बंद होते. सकाळचे साडेनऊच वाजले होते.

तिथून विडॉपकडे जाणारा रस्ता हळूहळू घरे मागे सोडतो. दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांच्या, चुना-सिमेंट नसलेल्या भिंती, भिंतींपलीकडे मेंढ्या, मेंढ्यांपलीकडे काही नाही. मधूनच ‘सार्वजनिक पायवाट’ असे लिहिलेला खांब, आणि भिंतीतून पलीकडे उतरायला तीन दगडी पायऱ्या. वाट सरळ कुणाच्या तरी कुरणातून जाते, मालकाला ती अडवता येत नाही. ही आपल्याकडच्या पाणंदीसारखीच गोष्ट. फरक इतकाच की आमच्या गावची पाणंद दोन्हीकडच्या बांधांनी केव्हाच गिळली.

साडेबाराच्या सुमारास पॅक हॉर्स इन दिसले. ओसाड उतारावर रस्त्याकाठी एकटे उभे असलेले बसके, लांब घर. दारापाशी आम्ही थबकलो. दोघींनी मिळून वयाची एकशे अकरा वर्षे पुरी केली होती, पैकी निम्म्याहून अधिक काळ व्याख्याने देण्यात घालवला होता, आणि तरी एक दार ढकलायला हात धजत नव्हता. इथल्या बायकांनाही हे दार नेहमीच मोकळे होते असे नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचे एल व्हिनो हे मद्यगृह बायकांना बारपाशी उभ्याने पेय देत नसे. त्यांनी मागल्या खोलीत बसावे, तिथे आणून दिले जाईल, असा नियम. दोन बायकांनी न्यायालयात धाव घेतली आणि हा भेदभाव बेकायदा असल्याचा निकाल १९८२ साली लागला. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन यांना तर प्रश्नच पडला नसेल. धाकटीने हे सारे दारातच सांगितले. थोरली म्हणाली, “व्याख्यान आत दे,” आणि तिने दार ढकलले.

आत उजेड होता. आधी हेच जाणवले, आणि त्याने आम्ही काहीशा गोंधळलो. खोल खिडक्यांतून बाहेरचा उतार दिसत होता. एका टेबलापाशी एक कुटुंब जेवत होते, त्यातली लहान मुलगी रंगीत खडूंनी काहीतरी काढत होती. कोपऱ्यात एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत बसले होते, त्यांच्या पायाशी कुत्रा झोपला होता. वाढपी येत नाही, स्वतः बारपाशी जाऊन मागायचे आणि तिथेच पैसे द्यायचे, ही रीत भाचीने पढवून ठेवली होती. बारमागची बाई म्हणाली, “येस, लव्ह?” थोरलीने सूप, पाव आणि जिंजर बिअर मागितली. ही नावाचीच बिअर. धाकटीने हाफ पाइंट बिटर मागितली. बाईने लाकडी दांडा दोनदा ओढला, तळघरातल्या पिंपातून तांबूस पेय वर आले. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, त्याचा निम्मा. धाकटी तो पेला दोन्ही हातांत धरून टेबलाशी आली, जणू तीर्थच. थोरली काही बोलली नाही. तिने आपला सुपाचा वाडगा जरा अलीकडे ओढून घेतला, इतकेच.

चव कडसर आणि कोमट. अर्ध्या तासात धाकटीचा निम्मा पेला झाला. तेवढ्या वेळात कोपऱ्यातल्या गृहस्थांनी वर्तमानपत्राची घडी घातली, रिकामा ग्लास स्वतः बारवर नेऊन ठेवला, कुत्र्याला हाक मारली आणि ते निघून गेले. एकच ग्लास. आम्ही दोघी त्यांच्याकडेच पाहत होतो, हे त्यांच्या लक्षात आले असावे. जाताना त्यांनी मान लववली.

इथे आमचा एक सिद्धान्त जन्माला आला, तो सांगितला पाहिजे. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप. सर्वांचे घर. आमच्या सोलापुरात दादा जिथे बसे त्या जागेचे नाव ‘परमिट रूम’. एकीकडे घर, दुसरीकडे परवान्याची खोली. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी अजूनही परवाना लागतो, आणि तो द्यायचे कारण असते आरोग्यरक्षण. दादा गेल्यावर त्याच्या कागदांत तो परवाना सापडला. ‘प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी’ अशा अर्थाची त्यातली ओळ थोरलीने दोनदा वाचली आणि कागद परत पाकिटात ठेवला. त्या खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवलेला असे. दाराला पडदा. आप्पांनी दादाला बोलवायला धाकटीला एकदा तिथे पाठवले होते, ती तेव्हा अकरावीत होती. पडदा सारल्यावर तिला बऱ्याच पाठी दिसल्या, त्यातली दादाची ओळखायला वेळ लागला. आत मुले नव्हती, बायका नव्हत्या, खिडकी नव्हती. तिथे कुणी एक ग्लास पिऊन घडी घातलेले वर्तमानपत्र घेऊन घरी जाईल, हे शक्यच नव्हते. जिथे जाणेच लपवायचे, तिथून लवकर परतण्यात अर्थ काय?

“दादाला असे काहीतरी मिळायला हवे होते,” धाकटी म्हणाली. “असा उजेड.” थोरलीने खिडकीबाहेर पाहत मान हलवली. आम्हांला दोघींना ते पटले. चौदा वर्षांनी आम्हांला एक कारण सापडले होते, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याही अंगाला लागत नव्हते.

निघताना थोरली एकदम म्हणाली, “आज पालख्या वाटेवर असतील.” त्या वर्षीची आषाढी ४ जुलैला होती. आईच्या माहेरी दिंडी उतरत असे, आणि दुपारच्या तासाभराच्या मुक्कामाला ‘विसावा’ म्हणत. पबच्या नकाशावरल्या खुणेला आम्हांला इतका वेळ शब्द सापडत नव्हता, तो हा होता. वारकऱ्यांना हे नामकरण रुचणार नाही, याची जाणीव आहे.

पॅक हॉर्सपासून थोड्याच अंतरावर पेनाइन वे ही दीर्घ पायवाट मिळते. इंग्लंडच्या कण्यावरून उत्तरेकडे स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी ही ४३१ किलोमीटरची वाट १९६५ साली खुली झाली. वॉलशॉ डीन नावाच्या तीन जलाशयांच्या कडेने ती चढू लागते, आणि मग मूर सुरू होते.

या शब्दाशी आमचा जुना हिशेब आहे. १९९६ साली आमचे अनुवादाचे पुस्तक निघाले. इंग्रजी कथा होत्या, त्यातल्या एकीत मूर होते. आम्ही ‘माळ’ हा शब्द ठेवला. सोलापूरकडच्या माणसाला दुसरे काय सुचणार? उघडे, झाड नसलेले, वाऱ्याचे रान म्हणजे माळ. एकवीस वर्षांनी आम्ही प्रत्यक्ष त्यावर पाऊल ठेवले आणि थोरलीचा बूट घोट्यापर्यंत आत गेला. मूर म्हणजे पाणी प्यायलेला स्पंज आहे. शेकडो वर्षे न कुजलेल्या शेवाळाचा काळा थर, त्यावर गवत, गवतात पांढऱ्या कापसाच्या पुंजक्यांसारखी फुले. पायाखालून पाण्याचा आवाज येतो, पण पाणी दिसत नाही. वर चंडोल, कुठेतरी कर्ल्यू पक्ष्याची लांबलेली शीळ, आणि वारा. तो मात्र माळावरचाच. ‘माळ’ म्हणताना आपण वाळवंटीपणा, भेगा, भुकेली जमीन असे सगळे सोबत आणतो. इथे जमीन भुकेली नव्हे, फुगलेली. एमिलीच्या कादंबरीतल्या माणसांच्या भावना उघड्यावर तळपत नाहीत. त्या आत मुरतात, साठतात, आणि पाऊल पडले की वर येतात. हे पुस्तकातून कळण्यासारखे होते. पण कळले नव्हते.

सुदैवाने वाटेचा मोठा भाग आता फरशांचा आहे. चालणाऱ्यांच्या पायांनी मूरची झीज होऊ लागली तेव्हा पेनाइन वेवर दगडी लाद्या टाकल्या गेल्या. त्यांपैकी बऱ्याच पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून उचलून आणलेल्या. काहींवर यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले ते पाहिले आहे. त्यांच्या फरशा कुठे गेल्या?

या फरशांवरून एकामागे एक असेच चालावे लागते. एकमेकींचा चेहरा दिसत नाही. म्हणूनच असेल, जो वाद आम्ही वर्षानुवर्षे टाळत होतो तो तिथे उभा राहिला.

ते पुस्तक आम्ही दादापासून लपवले होते. वाचायला, शब्द तोलायला, कॅलेंडरच्या पाठीवर एका इंग्रजी वाक्याची चार मराठी वाक्ये करायला आम्हांला त्यानेच शिकवले. घरातला लेखक तो होता. एकोणिसाव्या वर्षी त्याने आपल्या कविता एका थोर कवीकडे पाठवल्या होत्या. (ब्रॅनवेलनेही एकोणिसाव्या वर्षीच, १८३७च्या जानेवारीत, वर्ड्‌स्वर्थला पत्र लिहून सोबत कविता पाठवली. त्याला उत्तर आले नाही.) दादाला आले. पोस्टकार्डावर सहा ओळी, आणि त्यात ‘वाट पाहतो’ असे शब्द होते. ते कार्ड आप्पांनी चौकटीत बसवले. आम्हांला आता वाटते, न आलेल्या उत्तरापेक्षा ते जड झाले असावे. वाट पाहणारे कवी गेले, चौकट भिंतीवर राहिली, आणि तिच्याखाली बसून दादा एक ओळही लिहीत नव्हता. अशा घरात ‘आमचे पुस्तक आले’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? प्रती मामाकडे ठेवल्या. प्रकाशन पुण्यात, चार माणसांत. आईला सांगितले, तिने पेढे देवापुढे ठेवून लगेच उचलले.

थोरलीचे म्हणणे, त्याला कळले होते. १९९८च्या दिवाळीत त्याने सहज विचारले होते, “मूरला तुम्ही काय शब्द ठेवला असता ग?” धाकटीचे म्हणणे, असले प्रश्न तो लहानपणापासून विचारीत आला होता, त्या दिवशी तो जेन एअर पुन्हा वाचत होता, तिच्यातही मूर आहेच. “‘ठेवला असता’ म्हणाला तो,” धाकटी पुढून ओरडली, कारण वारा शब्द उडवीत होता. “‘ठेवला’ नाही.” थोरली मागून म्हणाली, “दादाला व्याकरण येत होते. म्हणूनच तसे म्हणाला.” यावर दोघी गप्प झालो. शार्लटने भाऊ गेल्यावर आपल्या प्रकाशनसंस्थेतल्या एका स्नेह्याला कळवले होते की बहिणींनी काय लिहून छापले, ते त्याला अखेरपर्यंत कळले नाही. चार कादंबऱ्या प्रसिद्ध झालेल्या, टपाल घरी येत होते, घर एवढेसे. यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आमचेही नाही.

टॉप विदन्स दिसले तेव्हा सव्वाचार झाले होते. छप्पर नसलेल्या भिंती आणि दोन झाडे. ‘वदरिंग हाइट्स’चे मूळ घर म्हणून जगभरची माणसे इथे येतात, वाटेवरच्या पाट्या जपानीतही आहेत. भिंतीवर ब्राँटे सोसायटीने १९६४ साली लावलेला एक प्रामाणिक फलक आहे : घर धड होते तेव्हाही कादंबरीतल्या घराशी त्याचे साम्य नव्हते, फार तर त्याची जागा लेखिकेच्या मनात असावी, अशा अर्थाचा. साहित्याच्या अध्यापनात असा फलक प्रत्येक वर्गाच्या दारावर लावावा. प्लाथही ह्यूजबरोबर इथे आली होती, १९५६ साली. भिंतीच्या आडोशाला बसून आम्ही थर्मासातला चहा घेतला. एक मेंढी आमच्या बिस्किटांकडे निःसंकोच पाहत राहिली.

उतरणीवर स्टॅनबरी हे एकाच रस्त्याचे गाव लागते. तिथे दोन पब. एकाचे नाव फ्रेंडली, दुसऱ्याचे वदरिंग हाइट्स इन. नावावरून निवड करायची तर कोणताही साहित्यप्रेमी चुकेल. आम्ही फ्रेंडलीत गेलो, कॉफी प्यालो, ओले मोजे बदलले, आणि वीस मिनिटांत निघालो. सांगण्यासारखे काही घडले नाही.

हॉवर्थला मागल्या बाजूने, शेतांतल्या वाटेने शिरले की माणूस पार्सनेजच्या भिंतीशी निघतो. पुढे दफनभूमी, मग चर्च, चर्चच्या पायऱ्यांशी ब्लॅक बुल. बसने आलो तेव्हा गावाच्या चढत्या रस्त्याने आलो होतो, दुकाने पाहत. त्यामुळे ही मांडणी ध्यानात आली नव्हती. ब्राँटेंच्या दारापासून पबच्या दारापर्यंत थडग्यांमधून दोन मिनिटे लागतात. १८५० साली बेंजामिन बॅबेज या निरीक्षकाने गावाच्या आरोग्याचा अहवाल केला. त्यात इथले मृत्यूचे सरासरी वय २५.८ वर्षे निघाले, आणि शंभरांतली एकेचाळीसहून अधिक मुले सहा वर्षांची होण्याआधी दगावत होती. त्या मानाने ब्रॅनवेल एकतीस वर्षे, म्हणजे सरासरीहून अधिक जगला. २४ सप्टेंबर १८४८ रोजी तो गेला. १९ डिसेंबरला एमिली. पुढल्या मे महिन्यात अ‍ॅन. मृत्यूच्या दाखल्यात दारूचा उल्लेख नाही, क्षयाचा संशय आजचे अभ्यासक घेतात.

थडग्यांमधून चालताना धाकटी थांबली. म्हणाली, “इथे उजेड होता.”

थोरलीला लगेच कळले नाही.

“ब्लॅक बुलमध्ये. काळा कागद नव्हता. सगळ्यांना माहीत होते.”

खरे होते. एलिझाबेथ गॅस्केलने १८५७च्या शार्लटच्या चरित्रात लिहून ठेवले आहे : मुक्कामाला उतरलेला एखादा प्रवासी एकटा पिताना दिसला की पबचा मालक त्याच्या सोबतीला पार्सनेजमधून ‘पॅट्रिक’ला बोलावून घेई. गावात त्याला पॅट्रिकच म्हणत. त्याच्यासारखा बोलणारा दुसरा नव्हता. तो लपून पीत नव्हता, तर पबची शोभा होता. सर्वांचे घर म्हणतात ते हेच, आणि याच घरात त्याची सुरुवात झाली. लपणे नंतर आले : अखेरच्या काळात त्याने चर्चच्या सेवकाला, आपल्या मित्राला, चिठ्ठी पाठवून पाच पेन्सची जिन चोरून मागवली. म्हणजे उजेडातून अंधारात तो स्वतःच्या पायांनी गेला. आणि दादा? तोही आधी मैफलींतच प्याला. डॉक्टरांच्या गच्चीवर, चांदण्यात, कविता म्हणत. लोक त्याला खास बोलावून नेत. ‘तू असल्याशिवाय रंगत नाही’ हे वाक्य आमच्या ओटीवर आम्ही स्वतः ऐकले होते, आणि अभिमानाने ऐकले होते. परमिट रूम फार नंतर आली. आम्ही दुपारी त्या खोलीच्या माथी जे मारले ते तिने केलेलेच नव्हते.

आमचा सिद्धान्त पॅक हॉर्सपासून हॉवर्थपर्यंत, साडेसहा तास टिकला.

ब्लॅक बुल भरलेले होते. शनिवारची संध्याकाळ, दगडी भिंतींवर आदळून दुप्पट होणारे बोलणे. ब्रॅनवेलची म्हणून सांगितली जाणारी एक खुर्ची या जागेने जपली आहे. आम्ही ती विचारली नाही. थोरलीने चहाची चौकशी केली, चहा बंद झाला होता. मग ती स्वतःच म्हणाली, “एक हाफ आण. दोघींत.” धाकटीने तिच्याकडे पाहिले. “दोघींत म्हणाले ना.”

खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारच्या टेबलावर चौघे पायी फिरणारे होते, बुटांवर आमच्यासारखाच काळा चिखल. कुठून आलात, किती मैल, विदन्सवर वारा होता का, असे बोलणे झाले. त्यांच्यातला एक उठला, सगळ्यांचे रिकामे ग्लास गोळा केले, आणि आमच्याकडे वळून विचारले, तुमच्यासाठी काय आणू? त्या देशात पाळी असते. एकाने सर्वांसाठी आणायचे, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. चार माणसे असतील तर चार ग्लास होतातच. नको म्हणणे जरा उद्धटपणाचे.

“नको, धन्यवाद,” थोरली म्हणाली. त्याने हसून ‘बरे’ म्हटले आणि तो गेला. इतकेच झाले. दादाला हे दोन शब्द कधी म्हणता आले नाहीत, की म्हणायचे नव्हते, यावर आम्ही थोडा वेळ बोललो आणि मग बोलायचे थांबलो. थोरलीने ग्लास उचलून एक घोट घेतला, तोंड वाकडे केले, आणि म्हणाली, “मूरला ‘माळ’ नको होते. काहीतरी ओले हवे होते.”

“काय?”

“सुचत नाही. त्याला सुचले असते.”

कीथलीची बस सुटायला सात मिनिटे होती. ग्लासात बोटभर उरले होते, ते तसेच ठेवून आम्ही उठलो. बाहेर आठ वाजले तरी लख्ख उजेड होता.